पडद्याचं तिसरं पान

एका राज्यात राजा आणि राणी एका पडद्यावरून भांडत होते, आणि भांडण अशा टोकाला गेलं होतं की दासी हातातली तबकं तिथंच टाकून पळाल्या होत्या.

"लेकीचा चेहरासुद्धा तुला आठवत नाही," राजा भद्रसेन गरजला, "आणि स्वतःला आई म्हणवतेस?"

"नाही आठवत," राणी कुमुदिनी म्हणाली. "तो मी कुठं देऊन आले, हे विचारायची हिंमत आहे का महाराजांना?"

"पडद्याला हात लावशील तर खबरदार!"

"मी कशाला लावू? माझ्या वाटची दोन पानं मी मिटली. तिसरं तुमचं आहे."

दोघांच्या मध्ये तो पडदा उभा होता. उगवतीच्या समुद्रापलीकडून, जपान बेटांवरून एका व्यापाऱ्यानं आणलेला, राजाच्या आजोबांहून जुना. बांबूच्या चौकटी, त्यांवर ताणलेला सोनेरी कागद, कागदावर एक सारस. पानं तीनच, मिटली की भिंतीशी टेकवायची, उघडली की महालात हवा तिथं आडोसा. राजकन्या मंजिरीचा त्या पडद्यावर फार जीव. नऊ वर्षांची ती पोर दिवसभर त्यामागं लपायची आणि ओरडायची, "बाबा, मी कुठं आहे?" एकदा धावताना तिचा धक्का लागला आणि तिसऱ्या पानाचा एक बांबू मोडला. तो बदलायचा राहूनच गेला. मग ताप आला, आणि चार दिवसांत पोर गेली.

स्मशानात तिरडी खाली ठेवली, तेव्हा राजानं तोंड फिरवलं. लोकांना वाटलं, रडायला. तिरडीचा बांबू माघारी घरात आणत नाहीत, हे राज्यातलं शेंबडं पोरही जाणत होतं. राजानं तोच बांबू शेल्याखाली लपवला आणि घरी येऊन मोडक्या पानाला जोडला. तिचं काहीतरी आपल्यापाशी राहावं, एवढंच त्याच्या मनात होतं. डोक्यावर मुकुट असला म्हणून दुःखात माणसाची अक्कल जागेवर राहते, असं ज्याला वाटत असेल त्यानं खुशाल हसावं.

त्याच संध्याकाळी पडद्यामागून आवाज आला, "बाबा, मी कुठं आहे?"

पडद्यामागं कोणी नव्हतं. आवाज मात्र होता, हसूही होतं. राजानं सिंहासन सोडलं आणि पडद्यापुढं बैठक मारली ती मारलीच.

पण ज्या दारातून माणसं जातात, त्याच दारातून ती येतातही. आणि त्या दारात मंजिरी अडकून उभी होती. राज्यात बाळं जन्माला येईनात. बायांचे दिवस भरले, भरून उलटून गेले. कळा यायच्या आणि विरून जायच्या. कोतवालाची सून भिंतीला टेकून बसलेली असे. तिला ना निजता येई, ना उठता. सुइणी नुसत्या हात चोळत.

तेव्हा कागदावरच्या सारसानं मान वळवली आणि तो राणीशी बोलला.

"पडदा मिटला तर पोर सुटेल. पहिलं पान मावळतीच्या डोंगरावरच्या मांत्रिकाच्या शब्दानं मिटेल. दुसरं वाळक्या बांबूबनातल्या नागिणीच्या शब्दानं. तिसरं, ज्यानं बांबू आणला त्याच्याच हातानं. मोल द्यावं लागेल, राणी."

"देईन."

राणी अनवाणी डोंगर चढली. मांत्रिक राखेत बसला होता.

"शब्द देतो. लेकीचा चेहरा दे."

"काढून घे."

त्यानं तिच्या कपाळाला बोट लावलं. डोंगर उतरताना राणीला मुलीचे डोळे आठवेनात. पायथ्याशी पोचेतो नाक गेलं, हनुवटी गेली, गालावरचा तीळही गेला.

बांबूचं बन फुलून वाळून गेलं होतं. नागीण सोन्याच्या शापित हंड्यांवर वेटोळं घालून पडली होती.

"सोनं ने हवं तेवढं," नागीण म्हणाली.

"सोनं तुझ्यापाशीच ठेव. शब्द सांग."

"मग तिला मांडीवर घेतल्याच्या साऱ्या आठवणी दे."

राणी जरा वेळ खाली बसली. मग म्हणाली, "घे." उठली तेव्हा मांडी हलकी झाली होती, आणि ती का हलकी वाटते हेच तिला कळेना.

महालात येऊन तिनं दोन शब्द उच्चारले. दोन पानं मिटली. तिसरं ताठ उभं राहिलं, आणि राजा त्याच्या आड आला. भांडण पेटलं ते इथं.

"तुझं काय जातंय?" राजा म्हणाला. "तुझ्याजवळ तिचं काही उरलंच नाही. माझ्याजवळ तिचा आवाज आहे."

"माझ्याजवळही आता तेवढाच आहे. तरी म्हणते, मिटा."

"कोतवालाच्या सुनेसाठी माझी लेक मी दुसऱ्यांदा घालवू?"

"एकदा तरी नीट जाऊ दिलीत का तिला?"

"ती हसते, राणी! रोज खेळते. सुखात आहे ती. तुझे कान फुटलेत का?"

पडद्यामागच्या त्या पोरीला राणीनं एक वचन दिलं होतं. आजवर ते प्राणापलीकडे जपलं होतं. आता ते मोडल्यावाचून सुटका नव्हती. तिनं मोडलं. एकच वाक्य बोलली.

ते ऐकून राजा गुडघ्यांवर बसला आणि निजलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तसं दोन्ही हातांनी तिसरं पान मिटलं. बांबू सोडवला, उघड्या हातांनी सगळ्यांदेखत स्मशानात नेला आणि अग्नीला दिला. सारस कागदावरून उठून उगवतीकडे उडून गेला. ऊन माथ्यावर यायच्या आत कोतवालाची सून मोकळी झाली. मग गल्लीगल्लीतून बाळांची रडणी ऐकू येऊ लागली. राजा सिंहासनावर जाऊन बसला, राज्याचा गाडा चालू लागला. राणीला लेकीचा चेहरा मात्र परत मिळाला नाही. दिलेलं मोल परत मिळत नसतं. महालही मुका झाला.

भांडण मिटवणारं राणीचं ते वाक्य असं होतं:

"महाराज, तुमचा डोळा लागला की ती हळूच मला म्हणते, ‘आई, मी फार दमलेय गं, पण बाबांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल.’"