एकसष्ट शर्टांचा मालक

“पण कोण गेलं, ते तर सांगा?” जमनाबाईनं पुन्हा विचारलं.

“कुणीही गेलेलं नाही हो, मावशी!” हुपरीकर सर म्हणाले. “हे माझे शर्ट आहेत. माझे!”

जमनाबाईनं गाठोड्याकडं पाहिलं. मग सरांच्या पोटाकडं. मग पुन्हा गाठोड्याकडं.

“असं असतंय,” ती हळू आवाजात म्हणाली. “पहिले चार दिस माणूस मानतच न्हाई.”

आणि तिनं सरांपुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

मिरजेच्या बाजारात, चिंचेखाली, ही जमनाबाई बोहारीण बसते. जुने कपडे घ्यायचे, बदल्यात भांडी द्यायची, हा तिचा पंचेचाळीस वर्षांचा धंदा. शर्ट उन्हात धरला की घालणारा कुठल्या खांद्यावर पिशवी अडकवतो, ते ती सांगते. एकदा तर एका कोटावरून तिनं त्या माणसाच्या घरमालकाचं आडनाव सांगितलं. मी तिथंच उभा होतो. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

गावात असंही बोलतात, की जमनाबाईकडं एकदा जाऊन आलं की माणसाची कपडे घ्यायची हौस फिटते. कशी फिटते, ते मात्र कुणाला सांगता येत नाही.

हुपरीकर सर त्यासाठीच आले होते. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात. वय एक्कावन्न. मोबाइलवर शर्टाचं चित्र दिसलं की त्यांचा अंगठा आपोआप खरेदीच्या बटणावर जातो. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई सांगलीला भावाकडं निघून गेल्या. भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, “माझ्या साड्या अकरा महिने पलंगाखाली आहेत. आता मीही तिथंच जायची बाकी आहे. कपाट अर्धं रिकामं झालं की फोन करा.”

सरांनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तिकडून एकच शब्द आला. “झालं?”

नव्हतं झालं.

“मावशी, मी सगळा अभ्यास करून आलोय,” सर म्हणाले. खिशातून त्यांनी चार घड्या घातलेला कागद काढला. “तीन वर्षांचा आढावा. एकसष्ट शर्ट. केव्हा घेतला, रंग कोणता, किंमत काय, आणि का घेतला. सगळे रकाने आहेत.”

“वाचा की.”

“का घेतला, या रकान्यात... मोह. मोह. सूट होती. मोह. उद्यापासून पहाटे फिरायला जाणार होतो. मोह. सूट होती आणि मोह. पुन्हा उद्यापासून फिरायला...”

“घातला कधी?”

“अं?”

“त्याचा रकाना कुठाय?”

सरांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

“तो... करायचा राहिला.”

जमनाबाईनं गाठोड्यातला एक शर्ट उचलला. फिकट जांभळा, किमतीची चिठ्ठी तशीच लटकलेली. कॉलर आतून चाचपली. काखेत बोट फिरवलं. कोपर उजेडात धरलं. मग दुसरा. मग तिसरा. सात-आठ झाल्यावर ती थांबली.

“एकालाबी माणूस लागलेला न्हाई,” ती म्हणाली.

“म्हणजे नवे आहेत. उलट तुमचा फायदाच की!”

“मास्तर, माझ्याकडं गवंडी येत्यात, हमाल येत्यात. धुतलेलं कापड बघून घेत्यात. जे आटायचं ते आटून झालंय, जो रंग जायचा तो जाऊन झालाय. हे असलं मुकं कापड... ह्याचं मी काय सांगू गिऱ्हाइकाला?” तिनं जांभळा शर्ट सरांच्या छातीला लावून पाहिला. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं सर उरले. “आणि हे माणूस बारीक हाय. अंगानं काटक. वय... तिशीच्या आतलं. कोण हुतं तुमचं?”

“मीच!”

“भाऊ?”

“मी म्हणतोय ना, मीच! म्हणजे... मी होणार होतो.”

तिनं शर्ट गाठोड्यावर ठेवला.

“म्हणजे कसं,” सर घाईघाईनं सांगू लागले, “चित्रातला माणूस कसा छान हसत उभा असतो, बघा. बाही दुमडलेली. मागं समुद्र. वाटतं, हा शर्ट घेतला की... मग पार्सल येतं. उघडतो. अंगाला लावतो. आणि म्हणतो, ठेवू. तो होईन तेव्हा घालू.”

“कोण होईन तेव्हा?”

“तो.”

“आणि तो कुठं ऱ्हातो?”

 चिंचेची दोन पिवळी पानं गाठोड्यावर पडली. शर्टांच्या रंगांपुढं दिसेनात.

“कपाटात,” शेवटी सर म्हणाले.

“आणि बाईंच्या साड्या?”

“पलंगाखाली.”

“बरोबर केलं बाईंनी,” जमनाबाई म्हणाली. “परक्या गड्याची कापडं भरलेल्या खोलीत बाईमाणसानं ऱ्हावं कसं?”

आता मात्र सर वैतागले. सकाळी दहाला आलेले, साडेअकरा वाजत आले होते. “मावशी, मला एक नियम द्या. काहीही द्या. तीन दिवस थांबून मग घ्यायचं, एक आला की एक काढायचा, असले सगळे मी करून बसलोय. तीन दिवस थांबतो आणि चौथ्या दिवशी दोन घेतो. तुम्ही म्हणाल ते करीन. पण हे गाठोडं घ्या. भांडं नको, चमचाही नको. मला संध्याकाळी सांगलीला फोन करून ‘झालं’ म्हणायचंय.”

“मालकाला इचारल्याबिगर मी कापड घेत न्हाई. नवऱ्याची पँट बायको आणते, मग नवरा इथं येऊन माझी पातेली लाथाडतो. लई बघितलं.”

“मालक मी आहे!”

“तुम्हाला बसत न्हाईत.”

“मग समजा की तो मेला!”

सर हे इतक्या जोरात बोलले, की शेजारचा कुलूपवाला हातातलं कुलूप ठेवून उभा राहिला.

जमनाबाईचा चेहरा एकदम बदलला. तिनं पदर डोक्यावरून घेतला. मागच्या पोत्यातून एक नारळ काढून सरांच्या पुढ्यात ठेवला. मयताच्या कपड्यांना ती भांडं देत नाही, नारळ देते. त्या भांड्यात कुणी वरण शिजवू नये म्हणून.

“असं समजा-बिमजा नको,” ती म्हणाली. “गाठोड्यावर हात ठेवा. तोंडानं सांगा.”

“काय सांगू?”

“जे झालं ते.”

सरांनी हात ठेवला. हसायला सुरुवात केली होती, ती मध्येच कुठंतरी अडकली. हाताखाली कुरकुरीत, न धुतलेलं कापड. बाह्या दुमडून, समुद्राकडं पाठ करून समोर कुणीतरी उभं असावं, तसे ते बघत राहिले.

“तो...”

जमनाबाई थांबली. घाई तिला नव्हती.

“फार चांगला होता हो, मावशी,” सर म्हणाले.  “पहाटे उठायचा. म्हणजे... उठणार होता. गाणं शिकणार होता. वैजयंतीला कोकणात घेऊन जाणार होता...”

“तुम्ही न्हेलं न्हाई?”

“मी कुठं... त्याची वाट बघत होतो.”

 मी शेजारच्या टपरीवर हातात चहाचा कप धरून उभा होतो. खरं सांगतो, चहावर साय धरली, एवढा वेळ गेला.

मग सर म्हणाले, “गेला.”

एवढंच.

जमनाबाईनं मान डोलावली आणि गाठोडं दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढलं. भाव नाही, घासाघीस नाही. सर उठले. नारळ हातात. आपण काय करून बसलो, हे त्यांना कळलेलं दिसत नव्हतं. कुलूपवाल्यालाही कळलं नाही. मला विचाराल तर मीही अजून गोंधळातच आहे. पण सरांनी फोन काढला आणि तिथंच उभ्या उभ्या सांगलीला लावला.

“झालं,” ते म्हणाले. “हो. अर्धं नाही, सगळंच... नाही, विकले नाहीत. ते... तू ये, मग सांगतो. नाही गं, रडत नाहीये. नारळ आहे हातात. ये तू. साडेचारच्या गाडीनं ये.”

फोन ठेवला, तोच त्यावर मेसेज वाजला. सरांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“मावशी...”

“आता काय?”

“एक... गुरुवारी मागवला होता. आजच येतोय. पाच वाजेपर्यंत.” त्यांनी फोन तिच्यापुढं धरला, जणू तिला वाचता येणारच होतं. “ती येईल, आणि तोही येईल. दारात गाठ पडेल दोघांची! पार्सलवाला माझं नाव घेऊन विचारेल, हुपरीकर आहेत का? मी काय सांगू?”

जमनाबाईनं गाठोड्याची गाठ मारली. ओढून पाहिली. पक्की होती.

“सांगा, ते गेले,” ती म्हणाली. “आणि त्यानं इचारलं, ‘मग तुम्ही कोण?’... तर ते इचारायला माझ्याकडं येऊ नका.”