भेगेचं भाडं

एका गावात भाड्याची बैलगाडी एकच होती, आणि ती होती गुणाजीची. नाव गुणाजी असलं, तरी गुण सांगण्यासारखे नव्हते. गाडी देताना त्याच्या तोंडात साखर असायची. गाडी परत आली की भाषा बदलायची. भाडं ठरायचं दोन रुपये; पण दोन रुपयांत सुटलेला माणूस गावाने कधी पाहिला नव्हता. लोक घरी जाऊन त्याच्या नावाने बोटं मोडत, पण त्याच्या दारात कुणी चकार शब्द काढत नसे. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय!

त्याच गावात भिवरा नावाची एक विधवा कुंभारीण राहत होती. घरात एक चाक आणि दारात एक गाढव, एवढाच तिचा संसार. गाढवाच्या पाठीवरून माती घरी यायची आणि गाढवाच्याच पाठीवरून मडकी बाजाराला जायची. भिवराची एक रीत होती. गिऱ्हाइकाने मडक्याला हात लावला की ती म्हणायची, "आधी वाजवून बघा, मग न्या." बद्द वाजणारं मडकं तिने कधी कुणाच्या गळ्यात मारलं नाही.

ऐन उन्हाळ्यात, माठांना गिऱ्हाईक असतं तेव्हाच, गाढवाचा पाय मुरगळला. भिवरा गुणाजीकडे गेली.

"तारण काय ठेवतेस?" त्याने विचारलं.

तिच्याकडे ठेवायला होतं काय? ते लंगडं गाढवच तिने त्याच्या गोठ्यात बांधलं. गुणाजीने मात्र स्वतःच्या हाताने गाडीत जाड पेंढा अंथरून दिला. "तुझी मडकी फुटाया नगत. पेंढ्याचं काय बी घेत न्हाई हां!"

भिवराला बिचारीला वाटलं, लोक उगाच बोलतात. जगाला मडकं वाजवून घ्यायला लावणारी ही बाई, पण गाडी काही तिने वाजवून घेतली नाही. तिथेच ती चुकली.

बाजारात माठ हातोहात खपले. दुपारी ती गाडीखाली सावलीला बसली आणि भाकरी सोडली. वर पाहते तो गाडीच्या तळफळीला ही लांब भेग! त्या भेगेत चिखलाची इवली इवली घरटी चिकटली होती. ती बांधणाऱ्या माशीलाही आपल्याकडे कुंभारीणच म्हणतात. घरटी भोकं पडून रिकामी झाली होती; पिल्लं केव्हाच उडून गेली होती. "बया, तू बी आमच्यातलीच की," असं म्हणून भिवरा हसली आणि भाकरी खाऊ लागली.

दिवस कलायला ती परत आली. गुणाजी दारात उभाच होता.

"घुंगरं वाटभर वाजली, त्याचे चार आणे. गाढवानं वैरण खाल्ली, तिचे चार आणे. दुपारी कुठं बसलीस?"

"गाडीखाली," भिवराने खरं ते सांगितलं.

"मग सावलीचे चार आणे."

एवढ्यावर थांबेल तर तो गुणाजी कसला! त्याने पेंढा बाजूला सारला आणि कपाळावर हात मारला. "अगं, फळी फोडलीस की माझी! धा रुपये टाक, न्हाईतर गाढव इसर."

भिवराने गोठ्याकडे पाहिलं. गाढव गेलं तर माती कशावर आणायची? माती नाही तर चाक फिरवायचं कशासाठी? आवाज ऐकून माणसं जमली. त्यातला एक शहाणा पुढे होऊन म्हणाला, "देऊन टाक बाई. कशाला त्याच्या तोंडी लागतीस?"

ते ऐकलं मात्र, भिवराच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. लुटणारा लुटतो ते लुटतो, आणि बघणारे लुटून घ्यायचा सल्ला देतात!

"गुणाजीदादा, सावलीचं पैसं धरलंत न्हवं? मग त्या सावलीत मला काय दिसलं, ते बी बघा. वाका जरा!"

तिने त्याला सगळ्यांदेखत गाडीखाली वाकायला लावलं.

"भेग आज पडली म्हणता. मग ह्या कुंभारणीनं माती आजच आणली? घरटं आजच बांधलं? पिल्लं आजच वाढली आन् उडून बी गेली? जल्म मातीत गेलाय माझा. ही माती वाळून महिना झालाय!"

गर्दीतला दगडू तेली खाली वाकला आणि ओरडलाच. "आरं, ही तर माझी भेग! शिमग्याला हिचे धा रुपये भरलेत मी!"

"तुमची कशी?" मागून माळीणकाकू कडाडल्या. "संक्रांतीला मी भरलेत!"

एका भेगेला एवढे धनी! ती बुजवायची कशाला? गाडी बैल ओढत होते, पण घर भेग चालवत होती.

गुणाजीचा चेहरा उतरला. भिवराला बाजूला घेऊन तो कुजबुजला, "भिवरे, गाढव सोडून ने. भाडं बी देऊ नगंस. फकस्त ह्यांना घरी जायला सांग."

गोठ्यातून गाढव तिच्याकडेच पाहत होतं. ते घेऊन ती मुकाट्याने गेली असती, तर तिला कोण बोलणार होतं? क्षणभर तिचा पाय तिकडे वळलाही. मग तिने कनवटीचे दोन रुपये काढून गाडीवर ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ठरल्यालं भाडं हे. पै कमी न्हाई, पै जादा न्हाई. आता ह्यांचं ह्यांना द्या, मगच मी गाढव सोडते."

आता सगळ्यांनाच कंठ फुटला. गुणाजीला संक्रांतीपासूनचे पैसे जागच्या जागी मोजून द्यावे लागले. तो सल्ला देणारा शहाणा हात पुढे करायला सगळ्यांच्या आधी होता, हेही सांगून ठेवतो.

पुढच्या बाजाराला दगडू तेली गाडी मागायला आला. आधी त्याने पेंढा उपसला. मग गाडीखाली शिरून एकेक फळी बोटाने वाजवू लागला.

"हे काय चालवलंयस?" गुणाजी खेकसला.

"भांडं घेताना वाजवतो," आतून आवाज आला, "मग भाड्याची गाडी घेताना का नगं?"

तात्पर्य: भांडं असो की भाड्याची वस्तू, आधी वाजवून घ्यावी, आणि खोटा भुर्दंड निमूटपणे भरू नये, कारण आज गप्प बसणारा उद्या दुसऱ्याच्या लुटीला वाट करून देतो.