तबीथाबाईचं नाक

फार वर्षांपूर्वी, आमच्या जांभूळओढ्याच्या चर्चवर कौलं नव्हती, नुसतं गवताचं छप्पर होतं, तेव्हाची ही गोष्ट. त्या चर्चच्या दारात एक बाई उभी असायची. तिचं नाव तबीथाबाई. अंगानं काटकुळी, पण नाक असं की ओढ्यापलीकडच्या गावात कोण प्यायलाय आणि काय प्यायलाय, हे ती वाऱ्यावरून सांगायची. तिचा नवरा दारूनं गेला, त्यानंतर तिचं नाक असं उघडलं, असं म्हणतात.

मंडळीच्या पंचांनीच तिला दारात उभं केलं होतं. रविवारी उपासनेला येणाऱ्या प्रत्येक पुरुषानं आधी तिच्यापुढं वाकायचं आणि तिनं वास घ्यायचा. वास नसेल तर तो आत. असेल तर तिनं नुसतं बोट दाखवायचं आणि गड्यानं आल्या पावली परत फिरायचं. देवाच्या घरात दारूचा वास शिरू द्यायचा नाही, हा पंचांचा नियम होता. आता परत फिरलेल्या माणसानं जायचं कुठं? गुत्त्यात. तिथं कुणी कुणाचा वास घेत नसे. ही गोष्ट पंचांच्या कधी ध्यानात आली नाही.

हनोख नावाचा एक दोर वळणारा होता. तो तर दर रविवारी परत जायचा. शेवटी त्याची बायको रिबका लेकरं घेऊन माहेरी निघून गेली आणि हनोखनं दारू सोडली. पुढच्या रविवारी तो दारात वाकला. तबीथाबाईनं वास घेतला. पुन्हा घेतला. काहीच नाही.

"काय चघळून आलास रं? लवंग?"

"काही न्हाई, मावशी. सोडली."

"बघते," ती म्हणाली.

आणि ती खरंच बघायला लागली. रोज दिवेलागणीला, गुत्त्याचं दार उघडायच्या वेळी, ती हनोखच्या अंगणात जाऊन बसायची. माया वगैरे काही नव्हती. याला पिताना पकडायचं, एवढंच तिच्या मनात होतं. दारू सोडल्यापासून हनोखच्या हातून वळता वळता दोर सुटून जायचा. एके दिवशी तो म्हणाला, "बसलीच हायेस तर टोक तरी धर." तिनं टोक धरलं. तो पीळ देत राहिला आणि गुत्त्याची वेळ टळून गेली. ते दोर इतके घट्ट वळले जायचे की दोन रेडे जुंपले तरी तुटायचे नाहीत, असं म्हणतात. हनोखला पुढं कुणी विचारलं, तर तो म्हणायचा, की ती संशय घ्यायला आली नसती तर त्या वेळेला तो कुठं गेला असता ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घ्यायचा, रविवार आला. भाकर फिरली, हनोखनं घेतली. मुरलेल्या, नशा चढणाऱ्या द्राक्षारसाचा प्याला फिरला, तो मात्र त्यानं ओठाला न लावता पुढं दिला. सगळ्या मंडळीनं ते पाहिलं. आमच्यात प्याला नाकारतो त्याच्या मनात पाप लपलेलं असतं, असं धरून चालतात.

"चोरून पितोय," पंच शमुवेल म्हणाले. "त्याबिगर प्याला सोडंल का?"

म्हणजे ज्यानं दारूला हात लावला नाही, तोच दारुडा ठरला. एवढी अक्कल आमच्याच मंडळीकडं होती. पंचांनी ठरवलं, पुढच्या प्रभुभोजनाला हनोखनं प्याला घेतला नाही तर मंडळीतून त्याचं नाव काढायचं. आणि रिबकाच्या बापानं तर निरोप धाडला होता, की गडी मंडळीत राहिला तरच पोरगी परत पाठवतो.

त्या संध्याकाळी तबीथाबाईनं दोराचं टोक धरलं आणि विचारलं, "प्याला का सोडलास?"

"मावशी, गुत्त्याकडं पाठ फिरवता येती. त्या प्याल्याकडं कशी फिरवू? पर एक घोट गेला की मी गेलो."

तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला, असं सांगतात. मला ते पटत नाही. ती जन्माची संशयी. त्या दिवसापासून तिचा संशय दुसरीकडं वळला, एवढंच.

प्रभुभोजनाच्या दिवशी ती दार सोडून आत आली आणि पुरुषांच्या बाजूला, थेट हनोखशेजारी जाऊन बसली. पाळकसाहेब प्याला घेऊन आले. हनोखनं हात पुढं केले. तिनं मधेच प्याला धरला आणि नाकाशी नेला.

"पाळकसाहेब, ह्याला वास येतोय."

"बाई, हा प्रभूचा प्याला आहे."

"नियम तुमचाच हाय," तबीथाबाई म्हणाली. "वास आला की भाईर."

मग तिनं डोळे मिटले आणि प्याल्यावरून एक श्वास ओढला. इतका लांब, की छपराचं गवत आत ओढलं गेलं आणि मेणबत्त्या वाकल्या, असं म्हणतात. द्राक्षारसातली सगळी नशा तिच्या नाकात गेली. शमुवेलनी बोट बुडवून चाटलं, तर नुसतं मनुक्यांचं गोड पाणी. हनोखनं तो प्याला घेतला, घोट गिळला आणि तो रडला.

काहीजण म्हणतात, आदल्या दिवशी तिनंच बाटली बदलली. मला विचाराल तर मलाही तोच संशय येतो. पण त्या दिवसापासून तिचं नाक गेलं, ते कसं? भाकरी तव्यावर करपून काळी झाली तरी तिला कळायचं नाही. पुढच्या रविवारी ती सवयीनं दारात उभी राहिली, पुरुष वाकले आणि तिला काहीच वास येईना. तिनं सगळ्यांना आत सोडलं. झिंगलेलेसुद्धा आत गेले, मागं बसले, काही झोपले. छप्पर कोसळलं नाही. हंगामाच्या सणाला रिबका लेकरांसह घरी आली.

आजही आमच्या प्याल्यात मनुक्यांचं पाणी असतं आणि शनिवारी मनुका भिजत घालायची पाळी एकेका घराकडं येते. गावात कुणी दारू सोडली की मंडळीतलं कुणीतरी रोज दिवेलागणीला त्याच्या घरी जातं. तबीथाबाईच्या नावानं जायचं, असं ठरलेलं आहे. दारातून म्हणायचं, "वास घ्यायला आलोय." मग तो दारू सोडलेला माणूस घोंगडी अंथरतो आणि म्हणतो, "या, बसा. आज लई जड जातंय."