रंभाजीचं बांधकाम

एका गावात रंभाजी नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे इतका, की सांगितलेलं कधी विसरायचा नाही. विसरला असता तर बरं झालं असतं.

शेजारच्या गावच्या हैबती मिस्त्रींची सुंद्रा त्याला मनापासून आवडायची. सुंद्रालाही तो आवडायचा, कारण पंचक्रोशीत खोटं न बोलणारा तेवढा एकच होता. मिस्त्री म्हणाले, "महिनाभर माझ्या हाताखाली काम कर. जमलं तर पोरगी तुझी."

पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी भिंत बांधली. म्हणाले, "नव्या बांधकामाला सात दिस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. त्यानं मजबुती येती."

रंभाजीनं पाणी मारलं. भिंत पक्की झाली. मिस्त्री खूश, रंभाजी त्याहून खूश.

मग मिस्त्रींनी शेतात कडब्याची गंजी रचली आणि ते पाहुण्यांकडे गेले. रंभाजीनं गंजीवर सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. मिस्त्री परतले तेव्हा गंजीतून वाफा निघत होत्या आणि म्हैस तोंड फिरवून उभी होती.

"आरं, गंजी भिजवत्यात व्हय? वर ताडपत्री घालायची, दगडं ठेवायची!"

"असं व्हय. आता ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सुंद्राच्या आईनं परसात मातीची नवी चूल घातली. रंभाजीनं त्या ओल्या चुलीवर ताडपत्री घातली. वर चार दगड ठेवले, चांगले दोघांनी उचलायचे. संध्याकाळपर्यंत चुलीची भाकरी झाली होती.

"आरं मेल्या!" सुंद्राची आई म्हणाली. "नव्या चुलीत बारीक जाळ घालायचा असतो. ओल निघून जाती, चूल पक्की हुती."

"ओल असली की जाळ घालायचा. ध्यानात ठेवतो."

त्याच आठवड्यात मिस्त्रींनी स्वतःच्या पडवीवर स्लॅब टाकला. वर ओलं काँक्रीट, खाली लाकडाचे टेकू. काम उरकून मिस्त्री जेवायला गेले. रंभाजीनं वर चढून बोट लावून पाहिलं. ओलच होती. त्यानं खाली उतरून बारीक जाळ घातला. टेकू चांगले वाळलेले होते, त्यामुळे जाळ काही बारीक राहिला नाही. मिस्त्रींचा दुसरा घास तोंडात होता तेव्हा स्लॅब खाली आला. खाली कुणी नव्हतं, एवढंच नशीब.

मिस्त्री मटकन बसले. एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, "जे ओलं हाय, आन् टेकूवर हाय, त्येला हात लावायचा न्हाई. एकवीस दिस. देव आला तरी न्हाई."

"देव आला तरी न्हाई," रंभाजी म्हणाला.

लग्न मोडल्यातच जमा होतं. पण सुंद्रा हटून बसली.

"आबा, ह्यानं एक तरी काम टाळलं का? सांगितलं ते केलंच की. मला दुसरा कुणी नगं."

पोरीपुढे मिस्त्रींचं काही चाललं नाही. लग्न लागलं, पंगती उठल्या, पाठवणीची वेळ आली. सुंद्रा बापाच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली. तिचा पदर भिजला. मिस्त्रींचा सदरा भिजला. नवरदेवानं तिचा हात धरायला हात पुढे केला आणि तो थबकला. त्यानं दोघांकडे नीट पाहिलं. हळूच हात मागे घेतला आणि ट्रॅक्टरमध्ये जाऊन बसला.

वाजंत्री वाजायला लागली. नवरी मागच्या जीपमध्ये असेल, असं वाटून वरात निघाली.

घरी आई उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवून, ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. तिनं वाकून ट्रॅक्टरमध्ये पाहिलं. मग जीपमध्ये पाहिलं.

"रंभा, सून कुठं हाय?"

"मिस्त्रींपाशी. लई ओली हाय, आये. आन् सगळा भार त्येंच्याच खांद्यावर हाय." रंभाजीनं मुंडावळ्या सोडून खुंटीला अडकवल्या. "एकवीस दिसांनी जातो, टेकू काढून घिऊन येतो."