उष्टा आरसा

एका राज्यात घरोघरी बोलके आरसे होते. दूरदेशी गेलेल्या माणसाचे नाव घेतले, की त्याचा चेहरा आरशात उमटे आणि बोलणे ऐकू येई. त्याचे कुणाला नवल नव्हते. नवल असे ते एवढेच, की यंदा चौकट मोराची की कमळाची. दर दसऱ्याला सीमोल्लंघनाला निघताना लोक चांगला धडधाकट आरसा वेशीबाहेरच्या दरीत टाकत आणि येताना नवा घेऊन येत. जुना दुसऱ्याला द्यावा, तर तो उष्टा. उष्ट्या ताटात कुणी जेवते का? मग उष्ट्या आरशात कोण पाहणार?

आरसे घडवी डोंगरावरचा जादूगार दर्पणनाथ. त्याला लागणारा दगड डोंगरातली माणसे खणत. ती सगळी मुकी होती. तिकडची माणसे जन्मतःच मुकी असतात, असे राज्यातले शहाणेसुरतेही धरून चालत.

राजाला दोन मुली. धाकटी चित्रलेखा इतकी बडबडी, की वाड्यातल्या पोपटांनी तिच्यापुढे हात टेकले होते. थोरलीचे नाव हेमकला. आई गेल्यावर तिनेच धाकटीला लहानाचे मोठे केले. त्या दसऱ्याला हेमकलेने मोराच्या चौकटीचा आरसा आणला, आणि दुसऱ्या सकाळी चित्रलेखेची वाचा गेली. वैद्य झाले, मांत्रिक झाले, नवससायास झाले. पोर नुसती तोंड उघडी आणि मिटी. हेमकलेला ते बघवेना.

सज्ज्यावर एक साळुंकी येऊन बसली. ती म्हणाली, "आरसे जिथून येतात तिथे जा. वाचा तिकडेच गेली आहे."

हेमकला डोंगर चढली. दर्पणनाथाने तिला बसायला पाट दिला आणि आडपडदा न ठेवता सांगितले, की माणसाचा आवाज आत घातल्याशिवाय आरसा बोलत नाही. आजवर डोंगरातल्या माणसांचे आवाज पुरले. आता ते संपले, म्हणून खाली हात घालावा लागला.

"ती तर जन्मतःच मुकी आहेत," हेमकला म्हणाली.

"असे तुम्ही म्हणता. आम्ही कधी म्हटले नाही."

हे पाप तुमचे, असे ती बोलून गेली. दर्पणनाथ रागावला नाही. मागेल त्याला आरसा द्यायचा, असा त्याच्या घराण्याला शाप होता. लोक मागणार, तो घडवणार. मग त्याने सुटकेची वाट सांगितली. वापरलेला आरसा एका हातातून दुसऱ्या हातात गेला, की आतला आवाज सुटतो, आणि आरसा मात्र बोलकाच राहतो.

"बहिणीचा आवाज कोणत्या आरशात आहे ते ओळख. त्याने पाहिलेले सारे मिठाच्या पाण्याने धुऊन टाक, आपली गुपिते परक्याच्या हाती देऊ नयेत. मग राजीखुशीने घेईल त्याला तो दे. हुकूम नको, लालूच नको."

पहिले काम लवकर झाले. वाड्यात परतून हेमकलेने आपल्याच नव्या आरशाला कान लावला. आत चित्रलेखा पुटपुटत होती. गेल्या वर्षीच्या आरशाला काय धाड भरली होती? मोरासाठी टाकला होता तिने! तिचे मन तिला खाऊ लागले. दुसरे काम झऱ्यावर झाले. घोडे अडले ते तिसऱ्यापाशी.

प्रधानाच्या मुलीने मान दिला, पण आरसा नको म्हणाली. कासाराच्या सुनेने हात पदराआड घेतले. देवळापुढच्या भिकाऱ्याने तर कटोराच पालथा घातला.

हेमकला आरसा घेऊन दरीच्या काठी बसली आणि लोकांच्या नावाने बोटे मोडू लागली. साळुंकी पुन्हा आली. "तू घेतला असतास का कुणाचा?"

पदर खोचून हेमकला दरीत उतरली. ढिगातून तिने कोपरा फुटलेला एक आरसा काढला. लहानपणापासूनची सवय, अंगावर शहारा आला. तरी तिने तो धुतला, पुसला, आत पाहिले. चेहरा नव्यात दिसतो तसाच दिसला.

वरच्या पायवाटेवरून हाक आली, "सावळे!" दगडाची पाटी घेतलेली एक बाई आपल्याच आवाजाने दचकून थांबली होती. तिचे नाव कोंडाई. तिची लेक लग्नाची झाली होती, पण तिने लेकीला कधी नावाने हाक मारली नव्हती. ती रडत, हसत खाली आली आणि तिने मोराच्या आरशाकडे बोट केले.

"तो मला द्या. लेक खाणीत आहे माझी. तिला ऐकवायचे आहे."

"उष्टा आहे, बाई."

"असू दे."

कोंडाईने आरसा हातात घेतला आणि तिकडे वाड्यात चित्रलेखा पहिल्यासारखी बोलू लागली.

टाकलेला आरसा उचलला तरी आवाज सुटतो, हे हेमकलेने सांगितले, तसा राजा दरीत उतरला, मागून प्रजा उतरली. ज्याने त्याने एकेक जुना आरसा उचलला. डोंगरात घरोघरी माणसे बोलू लागली, सावळीही बोलली. गरजेवाचून नवा कुणी मागेना, तसा दर्पणनाथाचा शाप सुटला. तो आता तडे सांधून देतो.

चित्रलेखा बोलून बोलून दमली, तेव्हा तिने विचारले, "ताई, माझा आवाज गेला तेव्हा तू डोंगर चढलीस. सावळीचा गेला तेव्हा आपण काय करत होतो?"

"चौकट निवडत होतो," हेमकला म्हणाली.

सावळीची वाचा सावळीला मिळाली, तशी ज्याची त्याला मिळो. कहाणी इथे पुरी झाली.