कपातला उपमा

"महाराज, कपातला उपमा शिजलेला म्हणायचा की कच्चा?"

मुकुंदाने रिकामी झोळी खुंटीला अडकवली. माधुकरीच्या पाच घरांपैकी चार घरांना आज कुलूप होतं. पाचव्या घरी, एसटीत कंडक्टर असलेल्या इंदुमतीबाईंनी कागदी कप पुढे केला होता. तयार उपमा, उकळतं पाणी ओतलं की झाला. कच्चं घ्यायचं नाही, शिळं घ्यायचं नाही, हा मठाचा नेम. मुकुंद नेमाचा पक्का, आणि त्याची त्याला थोडी मिजासही होती. त्याने कप परत केला.

"बाई काय म्हणाल्या?" निरंजनबुवांनी विचारलं.

"काही नाही. दार लावून घेतलं."

बुवांनी खुंटीवरच्या झोळीकडे पाहिलं.

"तुमच्या वेळी असं नव्हतं ना, महाराज?"

"आधी तव्यावरची भाकरी पडायची झोळीत. मग पाव आला. मग त्या दोन मिनिटांच्या पिवळ्या शेवया. झोळीत त्यांचा पार गोळा व्हायचा, मी एकेक सुटी करून खायचो." बुवा हसले. "आता काय आलंय, बघू तरी. चल."

सत्तरी उलटलेले बुवा भर उन्हात निघाले. मुकुंद धसकला. पुढच्या महिन्यात बुवांची झोळी कायमची त्याच्याकडे यायची होती. आता ती येते की जाते, कुणास ठाऊक.

इंदुमतीबाईंनी दार उघडलं. अंगात अजून खाकी, डोळे लाल.

"महाराज, पहाटे चारला डेपो गाठते हो. घरात शिजवलेलं काही नाही. हा एकच होता."

म्हणजे तो त्यांच्याच जेवणाचा होता. मुकुंदाने मान खाली घातली.

"पाणी उकळ, माई," बुवा म्हणाले आणि पायरीवरच बसले.

कपात पाणी पडलं. तिघंही वाकून बघू लागले. रवा फुगला. सुकून खडा झालेला वाटाणा हळूहळू गोल झाला, हिरवा झाला. कढीपत्त्याचा वास सुटला. मुकुंदाच्या अंगावर काटा आला.

"कुणी रांधलं गं हे?"

"काय ठाऊक, महाराज. नुसती तारीख आहे. आठ महिन्यांपूर्वीची."

"आठ महिने…" बुवांनी कपाला हात जोडले. "कोण खाणार, हेही ठाऊक नसताना रांधलं."

मग त्यांनी कप बाईंच्या हातात दिला. "आधी तू जेव. माझ्यादेखत."

बाईंनी चार घास खाल्ले. खाता खाता डोळे पुसले. मग एकदम ओशाळल्या. "आता हे उष्टं झालं, महाराज."

बुवांनी ओंजळ पुढे केली. घास घेतला. डोळे मिटून सावकाश चावला.

"महाराज!" मुकुंदाचा आवाज चिरकला. "शिळं… आणि वर उष्टं?"

बुवांनी डोळे उघडले.

"मुकुंदा, निवायच्या आत हात पुढे कर."