भैरूच्या गाडीचा पंख

एका गावात एक भोळा गाडीवाला होता. नाव भैरू. गाडी जुनी, लाल. गावाबाहेर हौशी लोक मोटारी पळवायचे तो गोल ट्रॅक भैरूला घरापेक्षा प्यारा. तिथं एका गाडीच्या पाठीवर त्यानं शर्यतीच्या मोटारींना असतो तसला भलामोठा आडवा पंख बघितला आणि गडी येडाच झाला. जेवताना पंख, झोपेत पंख.

शेवटी तसलाच पंख विकत घेऊन तो हिंदुराव वस्तादांपुढं उभा राहिला. वस्ताद ट्रॅकवर गाडी शिकवायचे. त्यांनी पंख काढूनच घेतला.

"आधी हात बसू दे. तोवर गाडीला हात लावायचा नाही. सगळी वळणं नीट घेतलीस की पंख मी स्वतः बसवतो."

दुसऱ्या दिवशी बघतात तर काय, पठ्ठ्या कोपरानं दार उघडतोय आणि किल्ली दातांत. वस्तादांनी कपाळावर हात मारला. अरे बाबा, हात लावायचा नाही तो पंख बसवायला, चालवताना स्टिअरिंग घट्ट धरायचं, सोडायचं नाही, असं समजावलं.

भैरूनं असं धरलं की सगळा ट्रॅक पहिल्याच गिअरवर घुमवला. गाडी नुसती बोंबलत होती. थांबल्यावरही हात सुटेनात. चहा आला तो वस्तादांनीच त्याला पाजला. मग ते म्हणाले, जरा गिअरकडं लक्ष दे.

भैरूनं दिलं. इतकं दिलं की वळण कधी आलं, कधी गेलं, कळलंच नाही. गाडी थेट ज्वारीत.

"खाली काय बघतोस लेका? जिकडं जायचं तिकडं बघ. नजर जाईल तिकडं गाडी जाते."

हे भैरूला फार पटलं. संध्याकाळी वस्तादांना घरी सोडताना पेट्रोल संपलं. समोरच पंप. भैरू आत बसून पंपाकडं डोळे वटारून बघत राहिला. मागं गाड्या तुंबल्या, लोक शिव्या द्यायला लागले. वस्ताद कळवळून म्हणाले, त्यासाठी गाडी चालू असावी लागते रे. मग आधी सांगायचं की, भैरू म्हणाला.

वस्तादांनी शेवटची संधी दिली. आता चुकलास तर पंख दुसऱ्याला देऊन टाकतो, म्हणाले. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, हात मोकळे, गिअर वेळेवर, नजर पुढं. एकेक वळण असं घेतलं की वस्तादांचा ऊर भरून आला. गड्याला हुरूप यावा म्हणून ते शेवटच्या वळणाबाहेर, टायरांच्या ढिगापाशी, पंख डोक्यावर धरून उभे राहिले.

भैरूनं पंखाकडं बघितलं. गाडी चालू होतीच.

वस्तादांनी पंख हवेत सोडून बाजूला उडी मारली. गाडी ढिगात घुसली, बॉनेटनं आ वासला, आणि वरून पडलेला पंख त्या फटीत जाऊन घट्ट रुतला.

वस्ताद कपडे झाडत, लंगडत आले. भैरू दोन्ही हात वर करून खाली उतरला. चेहरा नुसता फुलला होता.

"वस्ताद, मी हातसुद्धा लावला नाही. पंख आपोआप बसला."